रुमालाबाहेरची बट

सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या कॉल्डरशॉ गावचे नगराध्यक्ष कर्शॉ साहेब; आजचे सत्कारमूर्ती, ज्येष्ठ चित्रकार श्री. लायोनेल वेदरबी, त्यांच्यासोबत लंडनहून एवढा प्रवास करून आलेले पाहुणे, समारंभाच्या चिटणीस टॅटरसॉल बाई, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, आणि सगळ्यांत मागे, दाराजवळच्या गार वाऱ्यात बसवलेल्या माझ्या साचेखात्यातल्या बायांनो,

आपणा सर्वांना क्लॅरिस पिलिंगचा नमस्कार.

मला चार गोड शब्द बोलायला सांगितलं आहे. हे शब्द टॅटरसॉल बाईंचे. गेल्या आठवड्यात त्या घरी आल्या, चहा घेतला, आल्याचा केक छान झालाय म्हणाल्या आणि मग मुद्द्यावर आल्या. लढाईच्या काळात कारखान्यात राबलेल्या बायकांच्या वतीनं कुणीतरी बोलायला हवं, तुमचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतो, तेव्हा तुम्हीच बोला, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, बाई, कापडगिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, गोंगाटात उभा जन्म गेला, आवाज मोठा असायचाच. जाताना दारात थांबून त्या म्हणाल्या, “फक्त प्रसंग आनंदाचा आहे, एवढं लक्षात असू द्या.” मी ते लक्षात ठेवलं आहे. टॅटरसॉल बाई, तुम्ही मघापासून हातरुमाल पिळताय तो पिळू नका. मी कुणाबद्दलही वाईट बोलणार नाही. जे झालं तेवढंच बोलणार आहे.

तर आधी कौतुक. माझ्या मागे भिंतीवर जी दोन पोस्टरं आहेत, ज्यांच्यावरचा मखमली पडदा नगराध्यक्षांनी आत्ताच स्वतःच्या हातानं बाजूला केला, ती उद्यापासून नगरभवनाच्या जिन्यात लागणार आहेत. दोन्ही वेदरबी साहेबांच्या हातची. पहिल्याबद्दल काय बोलावं? निळा डगला, डोक्याला हिरवा रुमाल, एक हात ड्रिल मशीनवर असा ठेवलेला, जसा आपण मांजराच्या पाठीवर ठेवतो. नजर वर आभाळात, तिथं विमानं चालली आहेत. अंगावर तेलाचा एक थेंब नाही. आणि कपाळावर, रुमालातून अलगद सुटलेली ती एक बट. खाली लिहिलंय, ‘ये, तुझ्यावाचून अडलंय!’ चित्र सुंदर आहे. त्यात वाद नाही. इतकी वर्षं मी वादाला जागा शोधते आहे, पण ती मला चित्रकलेत सापडलेली नाही.

आम्ही कारखान्यात गेलो त्या वेळी हे पोस्टर नव्हतं. आम्हांला पोस्टरनं बोलावलं नाही, सरळ ढकललं. गावातल्या दोन गिरण्या सरकारनं लढाईपुरत्या बंद केल्या, साचेखात्यात पिठाची पोती रचली आणि रोजगार कचेरीतल्या माणसानं आम्हांला सांगितलं, टेकडीपलीकडे दारूगोळ्याचा नवा कारखाना आहे, सोमवारी भोंग्याला हजर व्हा. आम्ही गेलो. तोफेच्या गोळ्याच्या टोपणांना भोकं पाडायचं काम. गिरणीच्या मानानं गोंगाट थोडा कमी, वास जास्त.

लंडनच्या पाहुण्यांसाठी एक गोष्ट सांगते, गावच्या माणसांनी तेवढ्यात एकमेकांची ख्यालीखुशाली विचारून घ्यावी. साचेखात्यात कानाजवळ तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून आमच्याकडच्या बायका तोंडानं बोलतात, घशानं नाही. ओठ मोठे मोठे हलवायचे, आवाज काढायचाच नाही. समोरची वाचते. पाच साच्यांपलीकडच्या बाईला आम्ही सासूच्या कागाळ्या अशाच सांगितल्या आहेत, आणि ती सासू सहाव्या साच्यावर असली तर पाठ वळवून सांगितल्या आहेत. ती खोड काही जात नाही. आत्तासुद्धा मागच्या दोन रांगांत माझ्याबद्दल काय चाललंय ते मला इथून दिसतंय. बेटी, माझी टोपी नवीन नाही, गेल्या ईस्टरचीच आहे.

दुसरी गोष्ट केसांची. आमच्याकडे पोर पहिल्या दिवशी गिरणीत निघाली की आई तिचे केस बांधते. भुवया वर चढतील इतके घट्ट. मग मुठीत धरून एक हिसका देते. एक केस जरी हातात आला तरी पुन्हा पहिल्यापासून. पोर रडली तर म्हणते, “माझ्या हातानं रड, पट्ट्याच्या हातानं नको.” डोक्यावरून गरगरत यंत्रं फिरवणारे पट्टे आणि त्यांचे दांडे आमच्या आयांनी पाहिलेले होते. बट सुटलेली साचेवाली आम्ही कधी पाहिली नाही, कारण जिची बट सुटली ती पुन्हा साच्यावर दिसलीच नाही.

तर अशा त्या कारखान्यात एक दिवस वेदरबी साहेब आले. तेव्हा तरुण होते, राजबिंडे होते. अजूनही आहेत. लंडनच्या कुठल्याशा कचेरीनं त्यांना पाठवलं होतं. खऱ्या कामगार मुलीचं चित्र काढायचं, म्हणजे ते बघून देशातल्या बाकीच्या मुली येतील. त्यांनी सगळ्या खात्यातून एक चक्कर मारली आणि माझ्या समोरच्या मशीनवरच्या मुलीपाशी थांबले. ती माझी मैत्रीण. गिरणीत आमचे साचे शेजारी, गल्लीत आमची दारं शेजारी. ती आज इथं आहे. तिनं मला बजावलंय की माझं नाव घ्यायचं नाही, म्हणून मी नुसतं ‘मैत्रीण’ म्हणणार.

ती देखणी होती. डाव्या भुवईत एक छोटा व्रण होता, गिरणीत मागावरचा धोटा उडून लागला होता त्याचा. साहेबांनी वही काढली, दोन-चार रेघा ओढल्या आणि थांबले. म्हणाले, “हा रुमाल थोडा मागे घ्या. केस दिसू देत.”

ती म्हणाली, “साहेब, मशीन चालू आहे.”

“चित्रात मशीन चालू नसतं, बाई.”

तरी ती हलेना. आईनं बांधलेली गाठ होती ती, कुणा साहेबाच्या सांगण्यावरून ढिली कशी करणार? मग मॅनेजर आले. साहेबांनी त्यांना अगदी समजुतीनं सांगितलं, आणि ते वाक्य मी ड्रिलच्या आवाजातही त्यांच्या ओठांवरून वाचलं, साहेबांना अर्थातच ते माहीत नव्हतं. ते म्हणाले, “पोरींना भीती वाटते की कारखान्यात गेलं की बाईपण संपतं. ती भीती काढायची तर एक बट पुरे.” मॅनेजरांनी मान डोलावली. तिला म्हणाले, “साहेब म्हणतात तसं कर.” आणि ती तरीही तशीच उभी राहिली, तेव्हा वेदरबी साहेबांनी पेन्सिलीचं टोक रुमालाखाली घातलं आणि एक बट स्वतःच बाहेर ओढली. हलक्या हातानं. कलावंताचा हात तो.

पोस्टर लागलं. सहकारी दुकानाच्या भिंतीवर, स्टेशनात, चर्चच्या कुंपणावर, सगळीकडे. तिची आई टोपली घेऊन दुकानापुढे बराच वेळ उभी होती. शेवटी म्हणाली, “ही माझी पोर नव्हे. हिनं कधी काम केलेलं नाही. नखं बघ हिची.” भुवईतला व्रणही नव्हता. साहेबांनी तो पुसला होता. विमानांकडे बघणाऱ्या मुलीच्या तोंडावर गिरणीची खूण कशाला, नाही का?

पण खरं सांगू? आम्हीही त्या पोस्टरपुढे जाऊन उभ्या राहायचो. आम्ही, ज्यांना कारखान्यातलं सगळं माहीत होतं. कामाची पाळी संपली तरी हातांचा वास जात नाही, पुरुषांना त्याच कामाचे जास्त पैसे मिळतात, संडासला जायला परवानगी लागते, हे सगळं माहीत असलेल्या आम्ही पाळी सुटल्यावर वाट वाकडी करून जायचो आणि वाचायचो, ‘ये, तुझ्यावाचून अडलंय.’ का? कारण तोवर आम्हांला कुणी असं म्हटलेलंच नव्हतं. गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम, आम्हांला काय म्हणायचा? तुझ्यासारख्या दहाजणी फाटकाबाहेर उभ्या आहेत. बाप म्हणायचा, पोर आहे, लग्न होईपर्यंत चार पैसे आणेल. आणि इथं एक आख्खं सरकार रंगीत छापून सांगत होतं की तुझ्यावाचून अडलंय. वेदरबी साहेब, तुम्ही आमच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. ते कौशल्य मोठं आहे. त्याबद्दलच आजचा सत्कार आहे आणि तो योग्यच आहे.

मग मुली आल्या. टोप्यांच्या दुकानातल्या, बंगल्यांवर काम करणाऱ्या, शेतांवरच्या. छान मुली होत्या. त्यांना सांगितलेलं असायचं, शिवणयंत्र चालवता ना, मग हे त्याच्यासारखंच, जरा मोठं. त्यांनी कधी पट्टा पाहिलेला नव्हता. त्या पहिल्याच दिवशी यायच्या त्या बट बाहेर काढून. घरी आरशासमोर बसून, पोस्टरमध्ये आहे तशी वळवून. त्यांना वाटायचं तोच गणवेश आहे.

माझी मैत्रीण मशीनामशीनापाशी जायची. तोंडानं सांगायची, केस आत घे. त्यांना आमची बोली कुठली कळायला? मग ती हातानं त्यांचे केस आत खोचायची. एकजण हसून म्हणाली, “अगं, तूच तर बाहेर काढलीयेस.” ती भिंतीवर होती ना. मॅनेजरांकडे तक्रार केली, की या पोरींना कुणीतरी समजावून सांगा. ते म्हणाले, अगदीच आवळून बांधायला सांगितलं तर पोरी टिकत नाहीत, थोडं चालायचंच. नियम लिहिलेला होता, केस पूर्ण झाकावेत. दाराच्या मागे लावलेला होता. दार कायम उघडं असायचं, त्यामुळे तो भिंतीकडे तोंड करून असायचा.

आता मी त्या दिवसाकडे येते. टॅटरसॉल बाई, फार वेळ घेणार नाही.

लंडनहून एक मोठ्या बाई कारखाना बघायला येणार होत्या. बरोबर वर्तमानपत्रवाले. मॅनेजर सकाळीच आले आणि मैत्रिणीला म्हणाले, मोठ्या बाईंना पोस्टरमधली मुलगी बघायची आहे. “पोस्टरमध्ये आहेस तशी उभी राहा.”

“तशी म्हणजे?”

“तशी म्हणजे तशी. ते काढ बाहेर थोडंसं.”

“मग मी मशीन बंद ठेवते.”

“बंद मशीन बघायला बोलावलंय का त्यांना?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी ओठांनी म्हटलं, नको काढू. ती ओठांनी म्हणाली, घरी बसवतील. तिचे वडील तेव्हा छातीच्या दुखण्यानं अंथरुणावर होते, कापसाची धूळ सगळी आत गेलेली. मग तिनं बट काढली. स्वतःच्या हातानं काढली, हे चौकशीत खूप महत्त्वाचं ठरलं.

पाहुणे आले. मोठ्या बाई म्हणाल्या, अय्या, अगदी चित्रासारखी आहे हो. फोटोवाल्यानं सांगितलं, जरा वाकून बघा, काम करताय असं वाटलं पाहिजे. ती काम करतच होती. ती वाकली.

त्यापुढचं मी सांगत नाही. मागच्या रांगांना ठाऊक आहे आणि पुढच्या रांगांनी आत्ताच चहा घेतलेला आहे. एवढंच सांगते की मशीनच्या आवाजात तिचं ओरडणं कुणाला ऐकू आलं नाही. पाहुण्यांना दिसलं ते एक उघडलेलं तोंड. त्यातल्या एकानं तर टोपी उंचावली, त्याला वाटलं पोरगी जयजयकार करते आहे. मला तिचे ओठ दिसले. ती म्हणत होती, बंद कर. बंद कर. मी धावले आणि बंद केलं. सगळ्या पाहुण्यांमध्ये आणि साहेबांमध्ये तिचं बोलणं कळलेली मी एकटीच होते.

डोक्याची कातडी अर्धी गेली. डॉक्टरांनी जीव वाचवला. केस पुन्हा आले नाहीत.

चौकशी झाली. टेबलापलीकडे तिघेजण. त्यांनी विचारलं, नियम असताना केस बाहेर का होते? ती म्हणाली, मला सांगितलं होतं. मॅनेजर म्हणाले, असा कोणताही लेखी हुकूम दिलेला नाही, आणि बट कुणी काढली? हिनंच. मला साक्षीला बोलावलं होतं. मी जे पाहिलं ते सांगितलं. म्हणाले, तुम्ही तर पलीकडच्या मशीनवर होतात, ऐकू कसं आलं? मी म्हटलं, ऐकू आलं नाही, दिसलं. ते तिघेही हसले. मग माझ्या मैत्रिणीनं, डोक्याला पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या तरी उठून, त्याच खोलीच्या भिंतीवर लावलेल्या पोस्टरकडे बोट केलं. हेच पोस्टर. म्हणाली, “हे तुम्हीच लावलंय ना?” मधले साहेब म्हणाले, “पोस्टर म्हणजे काही कारखान्याचा नियम नव्हे.”

निकाल लागला, स्वतःचा निष्काळजीपणा. भरपाई नाही.

आणि मग, श्रोतेहो, दुसरं पोस्टर आलं. बघा, नीट बघा, पडदा त्याचसाठी बाजूला केलेला आहे. एका हातात आरसा, ओठ पुढे काढलेले, डोळे अर्धवट मिटलेले, आणि मागून मशीननं तिची बट धरली आहे. ‘नखरेल नोरा, बट सांभाळली, देश विसरली!’ हेही वेदरबी साहेबांचंच. सही तीच, खाली उजव्या कोपऱ्यात. कारखान्यात अपघात वाढले होते, ते थांबवायला हवे होते. बट बाहेर काढायला एका पोस्टरनं शिकवलं, आत घ्यायला दुसऱ्यानं. मधल्यामध्ये जिचं जे गेलं ते गेलं. पण हेही जाऊ द्या. तुम्ही नोराच्या डाव्या भुवईकडे बघा.

व्रण आहे.

पहिल्या चित्रात तो पुसला होता. दुसऱ्यात आठवणीनं काढला.

ती इस्पितळातून घरी आली तेव्हा बसथांब्यासमोर हे लागलेलं होतं. पोरं मागे लागली, नोरा, नोरा. लढाई संपली, पोरं मोठी झाली, त्यांना पोरं झाली, पण हाक तीच राहिली. वाणी नोराबाई म्हणतो. पाववाला नोराबाई म्हणतो. प्रेमानं म्हणतात, वाईट मनानं नाही. निम्म्या गावाला वाटतं तिचं नाव तेच आहे. तिचं लग्न ठरलेलं होतं, ते राहिलं. त्याबद्दल ती बोलत नाही, म्हणून मीही बोलत नाही. लढाई संपल्यावर तिसरं एक पोस्टर आलं होतं, आज ते इथं लावलेलं दिसत नाही. त्यात तीच मुलगी, गळ्यात एप्रन, कडेवर बाळ. ‘शाब्बास! आता घर वाट बघतंय.’ आम्हांला सगळ्यांना घरी पाठवलं. आमच्यावाचून आता काही अडत नव्हतं. बट मात्र त्या चित्रातही कपाळावर होती.

ती गिरणीत परत गेली, साच्यावर. रुमाल घट्ट बांधून. नव्या पोरींचे केस पहिल्या दिवशी तीच बांधून द्यायची, हिसका देऊन बघायची. गिरणी कायमची बंद होईपर्यंत आमच्या खात्यात एकाही मुलीचा केस पट्ट्यात गेला नाही. पितळेच्या पाटीवर घालायचं असेल तर हे घाला.

कारण पाटीवर काय आहे ते मी वाचलं. मघाशी मानपत्रातही वाचलं गेलं, टाळ्याही झाल्या. पहिल्या चित्राखाली, ‘या चित्रानं हजारो स्त्रियांना देशसेवेची हाक दिली.’ ते खरं आहे. दुसऱ्याखाली, ‘या चित्रानं असंख्य निष्काळजी मुलींना अपघातापासून वाचवलं.’ नगराध्यक्ष साहेब, ही पाटी उद्या जिन्यात ठोकली जाणार. पेन्शनच्या कामासाठी महिन्यातून एकदा माझ्या मैत्रिणीला त्याच जिन्यानं वर जावं लागतं. आजवर तिला ‘निष्काळजी’ कागदावर म्हटलं, भिंतीवर म्हटलं, तोंडावर म्हटलं. आता पितळेवर कोरून म्हणणार. पितळ पुसता येत नाही.

आज संध्याकाळी दारात काय झालं तेही सांगते. चहा आटोपून वेदरबी साहेब सभागृहाच्या दाराशी आले, सगळ्या बायका ओळीनं उभ्या होत्या, त्यांनी प्रत्येकीशी हात मिळवला. त्याआधी चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं होतं, की पोस्टरमधली ती मुलगी आठवते का? म्हणाले, “अशा किती मुली असत हो, नावं कुठली लक्षात राहायला.” बरोबर आहे. नावं नसतील राहत. तर दारात ते माझ्या मैत्रिणीपाशी आले. तिचा हात हातात घेतला, तिच्या रुमालाकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, “एवढा घट्ट का बांधलाय? लढाई संपली, बाई.”

सगळे हसले. तीही हसली.

साहेब, आता तुम्ही वर बघता आहात. बरं झालं. मला तुमच्याकडून काही नको. तुमचं वय झालं आहे, तुमचा सत्कार आहे, शाल तुमच्या खांद्यावरून सरकते आहे, ती नीट घ्या. मला नगराध्यक्षांकडून एक गोष्ट हवी आहे. दुसऱ्या चित्राखालची पाटी ठोकू नका. तिथं दुसरी लावा. त्यावर लिहा की या मुलीनं केस आत घेतलेले होते, ते बाहेर काढायला तिला सांगण्यात आलं. आणि तिचं नाव लिहा. आता प्रश्न असा की नाव मी सांगू शकत नाही, कारण मी तिला शब्द दिलेला आहे. ती म्हणाली होती, “क्लॅरिस, गोड बोल, खाली बस, आणि माझं नाव घेऊ नको. आता कशाला?”

थांबा.

टॅटरसॉल बाई, जरा थांबा, घंटी वाजवू नका. ती बोलते आहे.

तुम्हांला ऐकू येणार नाही. मागे वळून पाहिलंत तरी एक म्हातारी बाई मागच्या रांगेच्या टोकाला, दाराजवळ उभी राहिलेली दिसेल, बस्स. टोपी उंचावू नका, ती जयजयकार करत नाही. पूर्वी एकदा ती मला म्हणाली होती, बंद कर, तेव्हा मी बंद केलं होतं. आत्ता ती म्हणते आहे, सांग.

सांगते.

तिचं नाव ॲनिस शोरॉक. ॲनिस शोरॉक. नोरा नाही, कधीच नव्हती.

आणि व्यासपीठावरच्या मान्यवरांनो, तुम्हांला वाटत असेल सभागृह किती शांत झालं. शांत झालेलं नाही. मागच्या रांगांतल्या सगळ्या बायका बाजूला, तिच्याकडे मान वळवून तिला तिच्या नावानं हाक मारत आहेत. आवाज नाही, पण मला इथून सगळ्यांचे ओठ दिसतात, आणि तिलाही दिसत आहेत. इतक्या वर्षांनी गावानं तिला हाक मारली, ती तुमच्यापैकी कुणालाच ऐकू आली नाही.

आता मी आटोपतं घेते. मला बोलायची संधी दिल्याबद्दल समितीची आभारी आहे. चहाबद्दल आभारी आहे. अध्यक्षांनी घड्याळाकडे फक्त दोनदाच पाहिलं, त्याबद्दलही आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही अधिकउणं झालं असेल, मान्यवरांचा मान राखण्यात कसर राहिली असेल, तर मला क्षमा करावी. भाषणाच्या शेवटी क्षमा मागायची पद्धत आहे, म्हणून मी मागते. आजच्या सबंध कार्यक्रमात ती मागणारी मी एकटीच आहे.